दोन रेघांचा माल

चाकावर पॉलिश करणारा माणूस स्वतःला फार समजतो. मोटर सुरू झाली की शेडमध्ये दुसऱ्या कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, हे एक कारण. दुसरं कारण चमक. ॲल्युमिनियमचा ओतलेला राखाडी, खरखरीत तुकडा त्यानं कापडी चाकाला टेकवला की बघता बघता त्यात तोंड दिसायला लागतं. शेड बघायला आलेला माणूस तिथंच थांबतो, वा म्हणतो, मोबाइल काढून फोटो घेतो. चाक जिथं पोहोचत नाही ती जागा माझी होती. तिथं फोटो काढायला कधी कुणी आलं नाही. आलं असतं तरी त्याला माझी पाठच दिसली असती, कारण मी भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून बसलेली असायचे.

आमच्याकडे जास्त करून मोटरसायकलचा एक ब्रॅकेट यायचा. मागे बसणारा माणूस ज्या दांडीला धरतो ती दांडी याच्यावर बसते. तळहाताएवढा तुकडा. बाहेरून करायला सोपा, चाकावर चार वेळा फिरवला की झाला. पण त्याच्या पोटात दोन उभे पडदे होते आणि त्या पडद्यांच्या मधे एक खाच, तोंडाशी बोटभर रुंद आणि खाली निमुळती. ओतताना जेवढा म्हणून खरखरीतपणा राहतो तेवढा त्या खाचेच्या तळाशी जाऊन बसतो. कंपनीचं म्हणणं असं की तिथंही बोट फिरवलं तर काही टोचता कामा नये. आता मोटरसायकलवर मागे बसून त्या खाचेत बोट घालून कोण बघणार आहे, हे मी दादाला विचारलं होतं. तो म्हणाला, ड्रॉइंगवर लिहिलंय. विषय संपला.

तर ती खाच माझ्याकडे. पॉलिश पेपरची घडी करायची, बोटाच्या टोकाला गुंडाळायची आणि बोट आत घालायचं. आधी जाड पेपर, मग मधला, मग पाण्यात भिजवलेला बारीक. बोट पुढं जाईना की बांबूची चपटी काडी, टोकाला पेपर चिकटवलेली. ही काडी ज्याची त्यानं तासून घ्यायची, कारण दुसऱ्याची काडी हातात बसत नाही. आणि तळाशी जे बोल्टचं भोक असतं त्याच्या कडेला काडीही चालत नाही, तिथं नाडी. परकराची सुती नाडी. तिला पॉलिशची वडी चोळायची, भोकातून ओवायची आणि दोन्ही टोकं धरून मागेपुढे ओढायची, ताक घुसळतात तशी.

ही नाडीची युक्ती माझी. पिंपरीच्या बाजारात मी नाडीचे गठ्ठेच्या गठ्ठे घ्यायचे. दुकानदारानं एकदा न राहवून विचारलं, "ताई, एवढे परकर कुणासाठी शिवता?" मी म्हणाले, "मोटरसायकलींसाठी." त्यानं पुढं काही विचारलं नाही आणि सुटे पैसेही जरा लांबूनच दिले.

ॲल्युमिनियम दिसायला पांढरं असतं, पण घासलं की त्याच्यातून काळं निघतं. ते काळं साबणानं जात नाही. लिंबानं थोडं जातं, बेसनानं थोडं जातं, बाकीचं नखांच्या कडेला कायम राहतं. मी कुणाकडे जेवायला गेले की पहिले दोन घास खाली मान घालून पटापट खायचे, म्हणजे वाढणारीचं लक्ष हाताकडे जायच्या आत ताट उष्टं होऊन जाई. नाक-तोंड ओढणीनं बांधलेलं, डोक्यावर दुसरी ओढणी, मधे फक्त डोळे. संध्याकाळी आरशात बघितलं की डोळ्यांभोवती कोळशाची पट्टी आणि बाकी तोंड पांढरं. माकडासारखी दिसतेस, असं दादा म्हणायचा आणि मी हसायचे. तेव्हा मला त्याच्या सगळ्याच बोलण्याचं हसू यायचं.

शेड दादाची, माझ्या मोठ्या भावाची. वडील पिंपरीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते. ते गेल्यावर निगडीच्या ओटा स्कीममधलं घर आणि आई एवढंच मागं राहिलं. दादा भोसरीत दुसऱ्याच्या शेडवर चाकाला होता. मग त्यानं कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांच्या मधे पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली आणि स्वतःची मोटर बसवली. त्याच सुमाराला मी नवऱ्याला सोडून परत आले होते. का सोडलं ते इथं सांगत नाही, त्या माणसावर शाई घालवायची माझी इच्छा नाही. दादा म्हणाला, "घरी बसून रडण्यापेक्षा शेडवर चल. हे आपल्या दोघांचं आहे असं समज." मी तसं समजले. समजून घेण्यात माझा हात कुणी धरू शकला नसता.

पहिले काही महिने आम्ही दोघंच होतो. तो बाहेरून करायचा, मी आतून करायचे. दुपारी एकाच डब्यात जेवायचो. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातले ते बरे दिवस होते आणि हे लिहिताना मला त्याचाच जास्त राग येतो.

पॉलिशच्या शेडमध्ये एक रीत असते. ज्यानं पीस केला त्यानं त्याच्यावर आपली खूण टाकायची. समोर नाही, मागच्या बाजूला, जिथं वॉशरखाली झाकलं जाईल तिथं, जाड सुईनं ओरखडा मारून. हे काही कौतुकासाठी नसतं. माल परत आला तर तो कुणाच्या गळ्यात घालायचा ते कळावं म्हणून असतं. दादानं स्वतःला एक रेघ घेतली आणि मला दोन दिल्या. नंतर माणसं वाढली तशी कुणाला फुली मिळाली, कुणाला गोल, कुणाला त्रिकोण. पुढं दादानं चाकावर बसणं सोडलं, शर्ट इन करून कंपन्यांच्या चकरा मारायला लागला, आणि एक रेघ शेडमधून गेली. दोन रेघा राहिल्या. नवा माणूस कामाला आला की दादा माझ्या हातचा एखादा पीस उचलून त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "हा दोन रेघांचा माल. आत बोट घालून बघ. असं पाहिजे."

बाहेरचं कोणी आलं तरी तेच. "ही माझी बहीण. आतलं सगळं तीच बघते. तिच्या हातचा पीस परत येत नाही." मी मान हलवायचे आणि परत घासायला लागायचे. पण ते वाक्य ऐकायला मला आवडायचं, अगदी फार आवडायचं. नवऱ्याच्या घरी मला सगळं मिळून जेवढी किंमत नव्हती तेवढी त्या एका वाक्यात होती.

मग चाकणचं निघालं. महाळुंगेच्या बाजूला दादाला मोठी शेड मिळत होती, खाली सिमेंट, वर उंच छप्पर, ट्रक आत येईल एवढं दार. तिथं हातपॉलिशची वेगळी खोली होणार होती, धूळ ओढून घेणारा पंखा लावलेली, आणि ती खोली माझी. पाचसहा बायका घ्यायच्या आणि त्यांना मी शिकवायचं. दादा म्हणाला, "तिथं तू घासायचं नाही. तू बघायचं." माझ्या बोटांची पेरं तोवर सुजायला लागली होती. सकाळी उठल्यावर मूठ मिटायला वेळ लागायचा. पण खोली मिळाली म्हणून मी खूश होते ती काही बोटांसाठी नाही. आपलं दोघांचं आहे, हे दादानं एकदाच म्हटलं होतं आणि ते कुठं दिसत मात्र नव्हतं. पाटीवर नव्हतं, बिलावर नव्हतं. चाकणला ते दिसणार होतं. एक दार असणार होतं आणि त्या दाराच्या आत मी सांगेन ते चालणार होतं. एवढंच मला हवं होतं, आणि मी ते सगळ्यांना सांगूनही बसले होते.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर एक लॉट खराब आला. ओतकाम करणाऱ्यांनी काय घोळ घातला होता देव जाणे. वरून पीस ठीक दिसायचे, पण घासायला लागलं की आतून बारीक भोकं उघडी पडायची, सुईच्या टोकाएवढी. धातू ओतताना आत हवा राहिली की असं होतं. आणि यात वाईट असं की जेवढं जास्त घासावं तेवढी जास्त भोकं निघतात. बाहेरच्या बाजूला फारशी नव्हती. सगळी माझ्या खाचेत.

असा माल आला की तो परत पाठवायचा असतो. पण परत पाठवला की उशीर होतो, आणि उशीर झाला की कंपनी दुसरीकडे बघते. म्हणून शेडमध्ये एक दुसरा मार्गही असतो, सगळ्यांना ठाऊक असलेला आणि कुणीच न बोलणारा. घासताना निघालेलं काळं बोटावर घ्यायचं, त्यात पॉलिशची वडी चोळायची आणि ते त्या भोकांत दाबून बसवायचं. वरून कापड फिरवलं की एकसारखं चमकतं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. याला भरणं म्हणतात.

मी दादाला पीस दाखवला. तो म्हणाला, "भर आणि सोड."

मी म्हणाले, "याला वरून कोटिंग होणारे. भट्टीत गेलं की वडीतली चरबी उकळेल आणि फोड येतील."

"एकदोन पिसांना येतील. आतल्या कोपऱ्यात कोण बघतंय?"

"आणि बघितलं तर?"

"मी आहे ना," दादा म्हणाला.

मी भरले. दादानं सांगितलं, मी केलं, त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच सांगितलं असतं. सगळा लॉट मी एकटीनं भरला आणि रीतीप्रमाणे प्रत्येक पिसावर दोन रेघा मारल्या. इथं खूण टाकू नये, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. हात सवयीनं पीस उलटा करतो आणि सुई उचलतो.

कंपनीचे क्वालिटीचे साहेब आले ते न सांगता आले. सकाळची वेळ होती, सगळी चाकं चालू होती. त्यांच्या हातात आमचे तीनचार ब्रॅकेट होते, कोटिंग होऊन आलेले, काळेभोर आणि छान दिसणारे. त्यांनी दादाला मोटर बंद करायला सांगितली. शेड शांत झाली. मग त्यांनी एका ब्रॅकेटच्या खाचेत टॉर्च मारला. आत कांजिण्या आल्यासारखे फोड होते. त्यांनी किल्लीच्या टोकानं एक फोड खरवडला आणि बोट घालून बाहेर काढलं. बोटाला काळं लागलं होतं. ते त्यांनी दादाच्या नाकासमोर धरलं.

"हे काय भरलंय?"

साहेबांनी पीस उलटा केला, मागची खूण बघितली, दुसरा उलटा केला, तिसरा केला.

"सगळ्यांवर दोन रेघा. कोण आहे हा?"

मी तिथंच होते. माझ्या हातात घासलेल्या पिसांचा ट्रे होता, तो मी ठेवायला निघाले होते आणि मोटर बंद झाली तशी उभी राहिले होते. दादापासून हात लांब केला तर पोहोचला असता एवढ्यावर. तोंडाला ओढणी, डोक्याला ओढणी, मधे डोळे. दादानं माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. मी घाबरले नव्हते, उलट मला वाटत होतं की आता हा सांगेल, सर, ही माझी बहीण आहे, मी सांगितलं म्हणून तिनं भरलं, आणि मग जे व्हायचं ते दोघांचं होईल.

दादा म्हणाला, "हा नाही सर. आहे एक लेडीज. हातपॉलिशला."

"तिला आधी काढा."

"उद्यापासून नाही दिसणार, सर."

साहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. का बघावं? शेडमध्ये तेव्हा आम्ही तिघीजणी होतो आणि तिघींची तोंडं बांधलेली होती. मी ट्रे ठेवला, माझ्या जागेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले आणि एक पीस हातात घेतला. तो मी किती वेळ घासत होते ते मला माहीत नाही. त्याची कड मरून गोल झाली आणि तो वाया गेला.

संध्याकाळी दादा स्वतः मला स्कूटरवरून घरी सोडायला आला. एरवी मी बसनं जायचे. दारात आल्यावर तो म्हणाला, "अगं, बोलावं लागतं तसं. बहीण आहे म्हटलं असतं तर साहेबाला वाटलं असतं मीच करायला लावलं."

"तूच लावलंस."

"तेच म्हणतोय मी. म्हणून तर." त्याला हे अगदी बरोबर वाटत होतं. "थोडे दिवस घरी राहा. चाकणला गेलो की परत ये. तोवर साहेब विसरून जाईल."

मला राग आला होता, पण मी थांबायला तयार झाले. थांबण्याशिवाय दुसरं काय करणार, असंही होतं. आणि चाकणची खोली अजून माझी होती.

माझ्या जागी दादानं दोन मुलगे आणले, उत्तरेकडचे. त्यांच्या हातात हवेवर फिरणारी पेन्सिलीएवढी मशीन दिली. मशीन खाचेत जाते, पण ती वेडीवाकडी धावते, एका जागी खड्डा पाडते आणि दुसरी जागा तशीच सोडते. पहिल्याच खेपेला माल परत आला. दुसऱ्या खेपेलाही आला. मग एके दिवशी दुपारी माझ्या दारात टेंपो उभा राहिला. मागं प्लास्टिकचे क्रेट, क्रेटमध्ये बाहेरून चमकवलेले ब्रॅकेट, आतून जसेच्या तसे.

दादा क्रेट उतरवून घेत म्हणाला, "घरच्या घरी कर. कुणाला सांगू नको. आणि खूण एका रेघेची टाक."

"तुझी?"

"माझीच. साहेबाला सांगितलंय, आतलं काम आता मी स्वतः बघतो म्हणून."

त्या वेळी मी त्याचे क्रेट रस्त्यावर फेकायला हवे होते असं आता कुणीही म्हणेल. मी नाही फेकले. मी विचारलं, "चाकणचं काय?" तो म्हणाला, "त्याच्यासाठीच तर चाललंय हे सगळं. हा माल टिकला तर चाकण आहे." म्हणजे खोली माझ्या हातांवरच उभी राहणार होती, हे त्यानं मला पटवलं आणि मला पटलं.

घरात काम सुरू झालं. मागच्या मोरीजवळ मी पोतं टाकून बसायचे. आई तोवर दादाकडे मोशीला राहायला गेली होती, त्याचा तिथं फ्लॅट झाला होता. पण या कामासाठी ती परत माझ्याकडे राहायला आली. दादानंच पाठवली, की तीच म्हणाली, ते मला कळलं नाही. आई देहूजवळच्या एका खेड्यातली. बोलणं अजून तिकडचंच. ती माझ्याशेजारी पाटावर बसायची, मी दिलेला पीस कापडानं पुसायची, जुन्या पेपरात गुंडाळायची आणि क्रेटमध्ये एकमेकांना लागणार नाही असा रचायची. रेघ मारायला मी कधी विसरले तर तीच आठवण करायची. "अगं, दादाची रेघ राहिली न्हवं यावर."

मी एकदा तिला म्हणाले, "आई, काम माझं आणि रेघ त्याची. तुला काही वाटत नाही?"

"घरात काय तुजं आन् त्याचं," ती म्हणाली. "समदं एकाच ताटात येतंय."

माल परत येणं बंद झालं. दादाला चाकणची शेड मिळाली.

शेड सुरू करायच्या दिवशी त्यानं मला फोन करून बोलावलं. मी आदल्या दिवशी सगळी लिंबं हातावर संपवली. पांढरी साडी नेसले, निळ्या काठाची, केसांना तेल लावून नीट अंबाडा घातला. किती वर्षांत त्या शेडच्या माणसांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं. जुन्या चाकवाल्यानं मला ओळखलंच नाही, वहिनी समजून नमस्कार केला.

तसबिरींपुढं मेणबत्त्या लावल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी उभं राहून वंदना घेतली. आई पुढच्या रांगेत होती, दादाच्या शेजारी. मग पेढे आणि चहा. मी कुणाला न विचारता हातपॉलिशची खोली बघायला गेले. दादानं म्हटलं होतं तशीच होती. पंखा होता, उजेडाला ट्यूब होत्या, बसायला पाट नव्हते तर टेबलं होती. दाराजवळ एक खुर्ची आणि खुर्चीवर वहिनीचा मामेभाऊ बसला होता, गळ्यात सुपरवायझरचं कार्ड. तो उठून म्हणाला, "या ना ताई. दादांनी हे सगळं माझ्याकडे दिलंय." चांगला मुलगा आहे तो. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

मी बाहेर आले. काय करावं ते मला कळत नव्हतं. दादा दारात पाहुण्यांशी बोलत होता आणि त्यानं मला हाक मारली. त्याच्यासमोर क्वालिटीचे साहेब उभे होते, हातात पेढा.

"सर, ही माझी बहीण," दादा म्हणाला. "निगडीला असते."

साहेबांनी हात जोडले. माणूस वाईट नव्हता, मोकळेपणानं बोलत होता. "ताई, तुमच्या भावानं प्रगती केली हां. एक निर्णय त्यानं फार योग्य घेतला. जुन्या शेडला एक लेडीज होती, नुसती चालूगिरी करायची. तिला काढलं, आतलं काम त्यानं स्वतः हातात घेतलं आणि तेव्हापासून फिनिश बघा. एक पीस परत नाही."

दादा हसत होता. आई त्याच्या पलीकडे खुर्चीवर बसून चहा पीत होती.

मी म्हणाले, "ती लेडीज मीच, सर. आणि तेव्हापासूनचं फिनिशही माझंच आहे. माझ्या घरी होतं ते."

साहेबांचा हात तोंडाजवळ थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे बघितलं. आजूबाजूचे दोघंचौघं आमच्याकडे वळले. एक क्षण असा होता की दादाच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि तो मला फार बरा वाटला. मग त्यानं साहेबांच्या पाठीवर हात ठेवला.

"सर, हिला मस्करीची लई सवय. लहानपणापासून अशीच आहे."

साहेब अर्धवट हसले. त्यांना खात्री होत नव्हती. ते आईकडे वळले. "काय आजी? खरं आहे का हे?"

आईनं कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. इतके दिवस माझ्याशेजारी बसून तिनं ते पीस पुसले होते, गुंडाळले होते, राहिलेल्या रेघा दाखवल्या होत्या. तिच्या बोटांनाही काळं लागलं होतं.

"न्हाई ओ साहेब," ती म्हणाली. "मस्करीच करती ती." आणि पदर तोंडाला लावून हसली.

मग सगळेच हसले. साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि मला म्हणाले, "घाबरवलंत तुम्ही."

मी चाकणवरून बसनं एकटी आले. दुसऱ्या दिवशी टेंपो आला तेव्हा क्रेट उतरवू दिले नाहीत. दादाचे फोन आले, वहिनीचे आले, ते मी उचलले नाहीत. तळवड्याला एक शेड आहे, तिथं हातपॉलिशला बायका लागत होत्या. तिथं गेले. काम तेच आहे, खाचा वेगळ्या आहेत. दादाचं पुढं काय झालं ते मी मुद्दाम विचारत नाही. बरंच चाललंय असं ऐकते. आतलं काम आता कोण करतं ते मला माहीत नाही, पण कोणीतरी करत असेल. इतकं अवघडही नाही ते.

दादाचं मला एक वेळ कळतं. त्याला धंदा होता, समोर साहेब होता, त्यानं बहीण विकली आणि शेड घेतली. असे भाऊ पुष्कळ असतात. आईला कसली अडचण होती ते मला अजून उमगलेलं नाही. तिच्यावर माझा राग आहे आणि तो जात नाही. ती परत दादाकडे राहायला गेली, तरी मी तिला भेटायला मोशीला जाते, दादा घरी नसेल असं बघून. ती त्या दिवसाबद्दल काही बोलत नाही. मागच्या वेळी तिनं चहा दिला आणि विचारलं, "आता कामाला कुठं जातीस?"

मी म्हणाले, "तळवड्याला. एका शेडवर."

"जपून ऱ्हा बाई," आई म्हणाली. "परक्या मान्सांची शेड हाय."

मी हो म्हणाले, चहा संपवला आणि निघाले.